मोहाडीच्या धुराचा हिशेब

शंभर किलो धान भरडले की वीस-बावीस किलो भुसा निघतो. तो भुसा जाळला की चार किलोच्या आसपास राख उरते, आणि त्या राखेचा ८५ ते ९५ टक्के भाग सिलिका असतो. आमच्या झाडीपट्टीत हा हिशेब पुस्तकी नाही. तुमसरची धानाची बाजारपेठ मोठी, तिच्या आधाराने उभ्या राहिलेल्या राइस मिल गावोगावी, आणि मोहाडी तालुका भंडारा-तुमसर रस्त्यावर या सगळ्याच्या मधोमध. अरवा तांदूळ काढायला वाफ लागत नाही. उसना काढायचा तर धान भिजवायचे, वाफवायचे, पुन्हा वाळवायचे. म्हणजे बॉयलर आला आणि बॉयलरला इंधन आले. भुसा मिलच्या आवारातच ढिगाने पडलेला असतो, तोच जळतो. धूर चिमणीत जाण्याआधी त्यातली राख गाळण्याची चांगली सोय असेल तर ती खाली साठते. सोय नसेल, किंवा असून तुंबलेली असेल, तर काळी हलकी राख वाऱ्यावर निघते आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणात, माठावरच्या झाकणीवर येऊन बसते. लोक तक्रार करतात ती या दिसणाऱ्या राखेची. पण फुप्फुसात खोलवर उतरतात ते अडीच मायक्रॉनहून बारीक कण. केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण कपड्यांवर दिसत नाहीत, त्यामुळे तक्रारीतही येत नाहीत.

हा झाला एक धूर. वरठीला, भंडारा रोड स्थानकाजवळ, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. लोहखनिजापासून तयार पोलादापर्यंतची सगळी कामे तिथे होतात. पूर्वेला तिरोड्यात ३,३०० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, पश्चिमेला मौद्याजवळ एनटीपीसीचे २,३२० मेगावॉटचे. दोन्ही तालुक्याबाहेर, जिल्ह्याबाहेर, पण मोहाडीपासून सरळ रेषेत पस्तीस-चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात. त्यात भर विटाभट्ट्यांची, वैनगंगेतून रेती भरून धावणाऱ्या टिप्परची, उन्हाळी धान निघाल्यावर पेटवलेल्या बांध्यांची, मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली जाळलेल्या पाल्याची, आणि रोज दोन वेळा घरोघरी पेटणाऱ्या चुलीची.

एका तालुक्याच्या हवेत इतक्या तऱ्हांचे धूर मिसळतात. उत्सर्जन रोखण्याचे धोरण आखताना माझ्या मते प्रत्येक धुराला आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हा धूर नेमका कोण ओढतो? आणि तो मोजता येतो का, मोजणारा खरे सांगेल का? आपल्याकडे सहसा तिसऱ्याच प्रश्नापासून सुरुवात होते: मर्यादा किती ठेवायची? आकडा ठरतो, राजपत्रात छापला जातो आणि तिथेच बरीचशी ऊर्जा संपते.

आपली कायद्याची चौकट कशी आहे ते आधी पाहू. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर देशात पर्यावरणाच्या कायद्यांना वेग आला. हवेसाठीचा कायदा १९८१ चा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच्याही आधीचे, १९७० चे; ते मुळात पाण्यासाठी स्थापन झाले आणि नंतर हवाही त्याच्याकडे आली. या चौकटीत कारखान्याने मंडळाची संमती घ्यायची आणि चिमणीतून बाहेर पडणाऱ्या दर घनमीटर वायूत अमुक मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूलिकण जाऊ द्यायचे नाहीत. मर्यादा मोडली तर कायद्यात तुरुंगवास होता. ऐकायला हे कडक वाटते. पण शिक्षेसाठी न्यायालयात जायचे, गुन्हा सिद्ध करायचा, वर्षे घालवायची. त्यामुळे मंडळाच्या हाती व्यवहारात दोनच गोष्टी उरत, नोटीस नाहीतर कारखाना बंद करण्याचा आदेश. मर्यादा थोडी ओलांडणारा आणि पाचपट ओलांडणारा यांच्यासाठी वेगवेगळ्या वजनाचे हत्यार नव्हते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने तुरुंगवास बहुतांशी काढून १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड आणला. अनेकांना ही सूट वाटली. मला तसे वाटत नाही. लवकर आणि नक्की होणारा मध्यम दंड, कधीच न होणाऱ्या तुरुंगवासापेक्षा जास्त काम करतो. अट एकच, तो खरोखर लवकर आणि नक्की व्हायला हवा.

घनमीटरला अमुक मिलिग्रॅम या मोजमापातही एक उणीव आहे. दिवसाला आठ तास चालणारी चिमणी आणि चोवीस तास चालणारी चिमणी या दोघींना ते एकाच मापाने मोजते. हवेत एकूण किती किलो धूळ गेली हे त्यात येत नाही. शिवाय मर्यादा १५० असताना कुणी ती ८० वर आणली तर त्याला काही मिळत नाही, म्हणून कुणी आणत नाही.

आणि मोजतो कोण? चिमणीवर चढून, भोक असलेल्या जागी नळी घालून, वायूच्या वेगाशी जुळवून नमुना ओढणे हे कौशल्याचे आणि वेळखाऊ काम आहे. वर्षातून एक-दोन दिवस ते होते. त्या दिवशी गाळणी साफ असते, बॉयलर हळू चालतो. बाकीचे दिवस अंधारात.

या अंधारात काय असते हे गुजरातेतल्या एका प्रयोगाने दाखवले. तिथे १९९६ पासून, उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे, जास्त प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांना खासगी अंकेक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागे. अंकेक्षक निवडायचा कारखान्याने, पैसे द्यायचे कारखान्यानेच. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर काम करून या अहवालांची फेरतपासणी केली. अंकेक्षकांच्या अहवालांनुसार धूलिकणांची मर्यादा मोडणारे कारखाने होते ७ टक्के. फेरतपासणीत निघाले ५९ टक्के.

मग त्यांनी काही कारखान्यांपुरते नियम बदलले. अंकेक्षक कुणाला मिळेल हे सोडतीने ठरवले, त्याचे मानधन कारखान्याकडून न देता एका मध्यवर्ती निधीतून दिले, आणि त्याचे काही आकडे दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासले. तेच अंकेक्षक खरे सांगू लागले. एवढेच नव्हे, त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले, कारण खोट्या अहवालाच्या आड लपण्याची जागा गेली. मर्यादेच्या आकड्याला इथे कुणी हात लावलेला नव्हता. २०२५ मध्ये केंद्राने काढलेल्या पर्यावरण अंकेक्षण नियमांत अंकेक्षक सोडतीने नेमण्याची तरतूद आली आहे. प्रयोगातून नियमापर्यंत यायला दशकाहून जास्त काळ गेला; पण नियम आला, हे महत्त्वाचे.

त्याच गटाने तिथे आणखी एक गोष्ट करून पाहिली. काही कारखान्यांवर निरीक्षकांच्या फेऱ्या दुप्पट केल्या. अपेक्षा अशी की भेटी वाढल्या की धूर कमी होईल. भेटींमध्ये जास्त उल्लंघने सापडली, पण सरासरी प्रदूषण फारसे हलले नाही. कारण अनुभवी निरीक्षक आधीपासूनच सगळ्यात वाईट कारखान्यांवर नजर ठेवून होते. वाढीव फेऱ्या ज्यांच्याकडे गेल्या त्यांचे गुन्हे किरकोळ होते आणि किरकोळ गुन्ह्यांवर मंडळ कारवाई करत नव्हते. ‘अधिकारी वाढवा, छापे वाढवा’ ही आपल्याकडची आवडती मागणी आहे. ती ऐकताना मला हा निष्कर्ष नेहमी आठवतो.

पुढचे पाऊल सुरतेचे. तिथल्या कापड गिरण्यांचे बॉयलर कोळशावर चालतात. २०१९ मध्ये तिथे धूलिकणांचा बाजार सुरू झाला. कणरूप प्रदूषणासाठी असा बाजार जगात पहिलाच. ३१७ कारखान्यांपैकी सोडतीने निवडलेले १६२ या बाजारात आले. त्यांच्या चिमण्यांवर अखंड मोजणी करणारी यंत्रे बसली. सगळ्यांनी मिळून किती किलो धूळ सोडायची याची एकूण कमाल ठरली आणि तेवढ्याचे परवाने वाटले गेले. ज्याला धूळ कमी करणे स्वस्तात जमते त्याने ती कमी करून उरलेले परवाने विकायचे, ज्याला महाग पडते त्याने विकत घ्यायचे. परवान्यापेक्षा जास्त धूळ सोडली तर आधीच जमा केलेल्या अनामतीतून भरपाई कापली जाई. न्यायालयाची गरज नाही. निकाल असा की बाजारातल्या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटले आणि जवळजवळ सगळ्यांनी, ९९ टक्के वेळा, आपल्या उत्सर्जनाइतके परवाने जमा केले. खर्चही जुन्या पद्धतीपेक्षा कमी आला. २०११ मध्ये केंद्राने अशा बाजाराची कल्पना मांडली तेव्हा तीन राज्यांची नावे होती: गुजरात, तमिळनाडू आणि आपला महाराष्ट्र. आपण २०१७ मध्ये वेगळी वाट धरली. मोठ्या कारखान्यांना त्यांच्या चिमणीच्या नमुन्यांवरून एक ते पाच तारे द्यायचे आणि ते लोकांसमोर ठेवायचे. माहिती उघड करणे चांगलेच. पण ताऱ्यांना दंड किंवा सवलत जोडलेली नसेल तर एक तारा मिळालेला कारखाना दुसऱ्या दिवशी वेगळे काय करणार?

सुरतेची पद्धत उचलून मोहाडीत लावा, असे मी म्हणणार नाही. सुरतेत शेकडो सारखे बॉयलर एका शहरात, वर्षभर चालणारे. मोहाडी-तुमसरच्या मिल लहान, हंगामी, विखुरलेल्या. अखंड मोजणीचे यंत्र आणि त्याची निगा यांचा खर्च एखाद्या छोट्या मिलला झेपायचा नाही. याचे उत्तम भान स्वीडनने दाखवले होते. तिथे १९९२ पासून बॉयलरमधून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर किलोला ४० क्रोनर आकार लावला. जमलेला पैसा सरकारने ठेवला नाही. ज्याने जितकी उपयुक्त ऊर्जा तयार केली त्या प्रमाणात तो त्याच बॉयलरवाल्यांना परत दिला. म्हणजे कमी धुरात जास्त ऊर्जा काढणारा नफ्यात, उलट करणारा तोट्यात, आणि सगळा उद्योग मिळून खड्ड्यात नाही. पण सुरुवातीला हा आकार फक्त मोठ्या बॉयलरवर होता, कारण लहान बॉयलरवर मोजणीचाच खर्च परवडला नसता. मोजणी स्वस्त होत गेली तशी पुढच्या चार-पाच वर्षांत मर्यादा दोनदा खाली आणली. नियम मोजणीच्या मागे चालला, पुढे नाही. वरठीच्या कारखान्यासारख्या मोठ्या उद्योगाला अखंड मोजणी लागू आहे आणि तीच योग्य आहे. केंद्रीय मंडळाने २०१४ मध्येच अतिप्रदूषणकारी म्हणून ठरवलेल्या सतरा प्रकारच्या उद्योगांना ती बंधनकारक केली. राइस मिलसाठी वेगळी युक्ती हवी. तिच्याकडे शेवटी येतो.

त्याआधी ‘कोण ओढतो’ हा प्रश्न. कर्क स्मिथ हे अमेरिकन शास्त्रज्ञ अनेक वर्षे भारतातल्या चुलींच्या धुराचा अभ्यास करत होते; २०२० मध्ये ते गेले. त्यांनी एक ढोबळ नियम मांडला होता. घरात सोडलेला एक ग्रॅम प्रदूषक माणसाच्या श्वासात जाण्याची शक्यता, बाहेर सोडलेल्या एक ग्रॅमच्या साधारण हजारपट असते. उंच चिमणीचा धूर पसरतो, विरळ होतो, त्यातला फारच थोडा अंश कुणाच्या छातीत जातो. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या आणि तिच्या मांडीवरच्या लेकराच्या नाकाशी मात्र धूर थेट येतो. त्यामुळे टनांचा हिशेब केला तर वीज केंद्रापुढे चूल क्षुल्लक, आणि छातीत गेलेल्या धुराचा केला तर मोहाडीच्या खेड्यात चूल बहुधा पहिल्या क्रमांकाला. उत्सर्जन टनांत मोजणारे धोरण नेहमी चुलीला विसरते.

चुलीसाठी धोरणे झाली नाहीत असे नाही. १९८३ पासून देशात निर्धूर चुलीचा कार्यक्रम चालला. सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या आणि २००२ मध्ये कार्यक्रम संपला. लक्ष्य होते बसवलेल्या चुलींचे. पेटत्या चुलींचे नव्हते. अधिकाऱ्याने संख्या गाठली, धुराची नळी तुंबली, घरात धूर पुन्हा सुरू झाला आणि नोंदीत मात्र ती चूल निर्धूरच राहिली. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तिनेही आधी जोडण्या मोजल्या. जोडणी मिळाली, सिलिंडर घरात आले, आणि भरलेल्या सिलिंडरची किंमत परवडेना तेव्हा ते चहापुरते, पाहुण्यांपुरते राहिले, भात-वरण सरपणावर. मोहाडीसारख्या भागात सरपण मिळते म्हणून हे आणखी खरे. २०२२ पासून सरकारने भरणीवर थेट अनुदान सुरू केले, आधी २०० आणि पुढे ३०० रुपये. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा बदल होता. आता मोजायचे तर वर्षाला घरटी किती सिलिंडर भरले गेले ते मोजावे. गावनिहाय हा आकडा तेल कंपन्यांकडे असतोच, आणि एका मोहाडी तालुक्यापुरता तो पाहिला तर कोणत्या गावात अजून सकाळ-संध्याकाळ लाकूड जळते ते एका दिवसात कळेल.

आता वीज केंद्रांकडे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने त्यांच्यासाठी नवी मानके आणली. धूलिकणांबरोबर प्रथमच सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा यांनाही मर्यादा घातल्या. दोन वर्षांत पालन व्हायचे होते. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्यातून देशातल्या बहुसंख्य युनिटांना सूटच मिळाली. राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांहून मोठ्या शहरांच्या १० किलोमीटर परिसरातल्या केंद्रांना यंत्रणा बंधनकारक, अतिप्रदूषित क्षेत्रे किंवा हवेची मानके न गाठणारी शहरे जवळ असतील तर प्रकरणागणिक निर्णय, आणि बाकीच्यांना चिमणीच्या उंचीची अट पाळली तर मोकळीक. सरकारची बाजू अशी की भारतीय कोळशात सल्फर कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बहुतेक ठिकाणी हवेतला सल्फर डायऑक्साइड मानकाच्या आतच आहे. आणि यंत्रणेचा खर्च शेवटी वीजबिलात उतरतो. खर्चाचा मुद्दा खोटा नाही. पण सल्फर डायऑक्साइड वायू म्हणून केंद्राजवळ मोजला तर कमीच दिसणार, कारण हवेत वाहत असताना त्याचे सल्फेटचे बारीक कण बनतात आणि ते शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या माणसाच्या श्वासात अडीच मायक्रॉनच्या धुळीत मोजले जातात. उंच चिमणी त्यांना थांबवत नाही, लांब पाठवते. १० किलोमीटरचे वर्तुळ या रसायनाशी जुळत नाही. आणि वर्तुळाचा केंद्रबिंदू मोठे शहर असल्यामुळे तिरोडा-मौद्याच्या मधल्या खेड्यातला माणूस हिशेबातच येत नाही.

हीच गोष्ट राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची. जानेवारी २०१९ मध्ये तो सुरू झाला. विदर्भातली चंद्रपूर, नागपूर, अमरावती आणि अकोला ही शहरे त्यात आहेत. चंद्रपूरचे नाव असणे रास्तच. २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळवून ते देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत चौथे आले होते. पण यादीत यायचे तर सलग पाच वर्षे हवा मोजली जायला हवी. जिथे मोजणी नाही ते गाव कितीही धुरात असले तरी यादीत येऊ शकत नाही आणि निधीलाही पात्र नाही. जो निधी शहरांना मिळाला त्याचा सर्वांत मोठा वाटा रस्त्यांवरची धूळ झाडण्यावर गेला, कारण लक्ष्य दहा मायक्रॉनच्या कणांचे होते आणि ते झाडूने हलतात. जळणातून निघणारे बारीक कण झाडूने हलत नाहीत. लक्ष्य अडीच मायक्रॉनच्या कणांचे ठेवले असते तर तोच पैसा भट्ट्या, बॉयलर आणि चुलीकडे वळला असता, असे मला वाटते. या बारीक कणांसाठी आपले वार्षिक मानक घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस ५.

शेतातल्या धुराबद्दल बोलताना पंजाबचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून चालणार नाही. आमच्याकडे खरिपाचे धान हाताने कापले की पुंजणे रचले जातात, मळणीनंतर तणस जनावरांना जाते, आणि बांधीतला ओलावा धरून उभ्या धानातच लाखोरी किंवा जवस फेकलेले असते. त्या बांधीला कोण पेटवणार? पुढचे पीक तिथे उगवलेले असते. उतेऱ्याची ही रीत कुणी हवेसाठी काढली नव्हती, पण तिने हवा राखली. प्रश्न येतो तो हार्वेस्टर आणि उन्हाळी धानामुळे. बावनथडी प्रकल्पाच्या पाण्यावर मोहाडी-तुमसरकडे उन्हाळी धान होते, ते मे महिन्यात निघते. हार्वेस्टर गुडघाभर धसकटे आणि विखुरलेली तणस मागे सोडतो, जूनमध्ये पऱ्हे टाकायचे असतात, मजूर मिळत नाही. काडी ओढणे हाच सोपा मार्ग वाटतो. एक टन तणस जळली की साधारण ३ किलो धूलिकण आणि ६० किलो कार्बन मोनॉक्साइड हवेत जातो. यावर शेतकऱ्याला दंड लावणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते कामही करत नाही. वीज केंद्रांनी कोळशात काही टक्के शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या मिसळाव्यात असे केंद्राचे २०२१ चे धोरण आहे. दोन केंद्रे दोन बाजूंना असलेल्या तालुक्याइतकी या धोरणाला सोयीची जागा दुसरी कुठली? पण तणस गोळा करून, गठ्ठे बांधून केंद्रापर्यंत नेण्याचा दर शेतकऱ्याच्या पदरात पडला तरच काडी ओढणे थांबेल.

मोहाच्या पाल्याची गोष्ट तर त्याहून सोपी आहे. फुले पहाटे गळतात आणि वाळक्या पानांत हरवतात, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ केली जाते. ती आग कधी कधी जंगलात शिरते. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, आणि फुलांचा बहर त्याच्याच पोटात. झाडाखाली जाळी बांधली की पाला जाळायचे कारणच उरत नाही, फुलेही मातीविना मिळतात आणि दर चांगला येतो. जाळीवर होणारा खर्च वणवा विझवण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. विटाभट्ट्यांनाही फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने नागमोडी रचनेकडे वळायला सांगितले. त्या रचनेत धूर विटांमधून वळणे घेत जातो, कोळसा नीट जळतो आणि मालकाचे इंधन वाचते. पण गावाकडे तात्पुरत्या रचलेल्या भट्ट्या अजून पुष्कळ आहेत आणि एका हंगामापुरत्या भाड्याच्या जमिनीवर कुणी पक्की भट्टी बांधत नाही. त्यांना नोटीस पाठवून उपयोग नाही; पाच-सहा जणांना मिळून एक पक्की भट्टी आणि दीर्घ मुदतीची जागा मिळवून द्यावी लागेल.

आता राइस मिलची युक्ती. भंडारा जिल्ह्यात सरकार आधारभूत केंद्रांवर धान खरेदी करते, पणन महासंघामार्फत ते मिलना भरडाईसाठी देते आणि तयार तांदूळ परत घेते. म्हणजे मिलचे एक मोठे गिऱ्हाईक सरकारच आहे. कोणत्या मिलला किती क्विंटल धान गेले याची कागदोपत्री नोंद असते. धानावरून भुसा किती निघाला हे कळते. उसना काढणाऱ्या मिलने त्यातला किती विकला आणि किती बॉयलरमध्ये घातला याची पावती मागता येते. जळालेल्या भुशाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी राख बॉयलरखाली आणि गाळणीत मिळून सापडली पाहिजे. एखाद्या मिलमध्ये त्याच्या निम्मीच राख निघत असेल, तर उरलेली कुठे गेली हे विचारायला चिमणीवर चढावे लागत नाही. हा हिशेब काटेकोर नाही. अर्धवट जळलेला भुसा, ओल, पावसात वाहून गेलेला ढीग यांनी तो थोडा इकडेतिकडे होईल. पण जिल्ह्यातल्या सगळ्या मिलची यादी लावून तळाच्या दहा-पंधरा मिलकडेच यंत्र घेऊन जायचे, एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. गुजरातच्या निरीक्षकांनी अनुभवाने जे केले ते इथे वजनकाट्याने करता येईल.

आणि राख टाकाऊ नाही. वितळलेल्या पोलादावर उष्णता टिकवण्यासाठी भुशाच्या राखेचा थर पसरतात, सिमेंटमध्येही ती चालते. तिला गिऱ्हाईक मिळाले तर गाळणी साफ ठेवणे हा मिलवाल्याचा खर्च न राहता कमाई होते. त्याच्या जोडीला भरडाईच्या करारात एक कलम घालावे: ज्या मिलचा राखेचा हिशेब जुळतो आणि सोडतीने आलेल्या अंकेक्षकाचे आकडे ठीक आहेत, तिला पुढच्या हंगामात धानाचा मोठा वाटा आधी मिळेल. दंडासाठी कायद्याची कारवाई लागते, कराराला ती लागत नाही. पुढच्या हंगामाचे धान कुणाला द्यायचे हे जिल्ह्यातच ठरते, खरेदी सुरू होण्यापूर्वी, आणि या एका कलमासाठी दिल्लीचा नवा कायदा किंवा नवी मर्यादा लागत नाही.